पाच टेनर आणि ठरलेली तारीख: एका विद्यापीठ कॉयर संचालिकेचं प्रकरण

व्यक्ती आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून या प्रकरणात नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

संचालिकेच्या नोकरीचं हे तिसरं वर्ष. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला कामाचा मधला आढावा आणि सहाव्या वर्षी कायम करायचं की नाही याचा निर्णय, अशी नेमणुकीची अट होती. त्यांच्याकडे तीन कामं होती: विद्यापीठाचा मोठा कॉयर (पाश्चात्त्य पद्धतीचा, अनेक आवाजांत गाणारा गायकवृंद), संचालन शिकवण्याचा वर्ग, आणि कान तयार करण्याचा व स्वरलिपी वाचण्याचा वर्ग.

कॉयरला प्रवेशचाचणी नव्हती. गाण्याची इच्छा असलेला कोणताही विद्यार्थी येऊ शकत होता. निम्म्याहून जास्त गायक संगीत विभागाबाहेरचे होते आणि बहुतेकांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. आठवड्याला दोन तालमी, प्रत्येक तालीम ११० मिनिटांची. सत्र १४ आठवड्यांचं आणि कार्यक्रम तेराव्या आठवड्यात.

आधीच्या सत्राच्या शेवटी संचालिकेने पुढच्या कार्यक्रमासाठी फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांचं ‘रेक्विएम’ (मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना) जाहीर केलं. निवड समजण्यासारखी होती. सात भाग, सुमारे ३५ मिनिटं, एकल गायक दोनच, आणि बहुतेक ठिकाणी आवाजावर फार ताण नाही. विद्यार्थ्यांचे कॉयर ही रचना नेहमी गातात. वाद्यवृंदाला कळवलं गेलं, सभागृहाची तारीख पक्की झाली. तेव्हा कॉयरमध्ये ११ टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष गायक होते.

अडचण

नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपट असा भरला: सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज) २४, आल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज) २१, टेनर ५, बास (पुरुषांचा खालचा आवाज) ८. टेनरपैकी चौघं पदवी घेऊन गेले होते आणि दोघांच्या प्रयोगशाळेची वेळ नेमकी तालमीवर आली होती.

आणि उरलेल्या पाचांतही दोघंच खरे टेनर होते. संचालिकेने प्रत्येक पुरुष गायकाचा आवाज सहा-सात मिनिटं एकट्याने ऐकला. पाच स्वरांची सरगम अर्ध्या अर्ध्या स्वराने वर नेत, आवाज कुठे वळण घेतो, म्हणजे खालच्या आवाजातून वरच्या आवाजात कुठे बदलतो, ते पाहिलं. दोघांचा आवाज मध्य सी च्या (पियानोच्या मध्यावरचा ‘सी’ स्वर) वरच्या एफ च्या आसपास वळत होता. उरलेल्या तिघांचा आवाज डी पाशीच अडखळत होता, आणि तिथून पुढे ते हनुवटी उचलून, गळा दाबून वर जात होते. हे तिघं बॅरिटोन, म्हणजे टेनर आणि बास यांच्या मधल्या आवाजाचे. वरचा एखादा स्वर कसाबसा लागतो एवढ्यावर आधी कुणीतरी त्यांना टेनरमध्ये बसवलेलं होतं. त्यांच्यातल्या एकाचा घसा प्रत्येक तालमीनंतर बसायचा. आवाजाची जात ठरवताना सर्वांत वरचा स्वर कुठला लागतो हे फसवं माप आहे. वीस मिनिटं न दमता कुठे गाता येतं, ते पाहायला हवं.

आता ‘रेक्विएम’कडे पाहू. पहिल्या भागात सुरुवातीचे संथ स्वरसमूह संपले की लांबलचक धून एकटे टेनर गातात. ‘आन्यूस देई’ या भागाची सुरुवातही टेनरचीच. दोन्ही ठिकाणी दुसरा कुठलाही आवाज सोबत नाही, म्हणजे लपायला जागा नाही. सोपी समजली जाणारी रचना दोन टेनरांच्या जिवावर उभी करायची वेळ आली होती.

दुसरी अडचण सुराची. सोबतीला वाद्य नसलेली, सोळाव्या शतकातली चार आवाजांची एक छोटी रचना कॉयरने दुसऱ्या आठवड्यात गायली. तीन मिनिटांत सगळा कॉयर अर्ध्या स्वराहून थोडा जास्त खाली उतरला. पियानोबरोबर गाताना हे कळत नव्हतं, कारण पियानो प्रत्येक वेळी त्यांना उचलून परत जागेवर आणत होता.

तिसरी अडचण वेळेची होती, आणि ती घड्याळ लावेपर्यंत दिसलीच नाही. तीन तालमींचं ध्वनिमुद्रण करून संचालिकेने कोण किती वेळ गातं ते मोजलं. ११० मिनिटांत टेनर सरासरी २५ मिनिटंही गात नव्हते. बाकी वेळ इतर आवाजांना पियानोवर ओळ वाजवून दाखवण्यात आणि ती घोकून घेण्यात जात होता. चौथ्या आठवड्यापर्यंत ५८ पैकी ७ जणांनी येणं बंद केलं होतं. त्यांतले बरेचसे चांगले वाचणारे होते. ज्याला ओळ पहिल्या वाचनात येते, त्याला दुसऱ्यांची ओळ दहा वेळा ऐकत बसणं फार जड जातं.

नोकरीचा हिशेब

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचे निर्णय कळणार नाहीत. विभागात तासांचा हिशेब असा होता की वर्गात शिकवलेला एक तास म्हणजे एक तास, पण कॉयरच्या तालमीचे दोन तास म्हणजे एक तास. स्वरलिपींचा अभ्यास, आवाजांच्या चाचण्या, वाद्यवृंदाशी पत्रव्यवहार, रंगीत तालीम यांची मोजदाद कुठेच नव्हती. आढावा समितीत बहुसंख्य सदस्य लेखी संशोधन करणारे होते. कॉयर संचालकाचं ‘प्रकाशन’ म्हणजे कार्यक्रम, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं. पण कार्यक्रम चांगला झाला की नाही हे ते रचनेच्या नावावरून आणि मंचावरच्या माणसांच्या संख्येवरून ठरवणार, अशी भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. मोठी रचना मागे घेणं म्हणजे आढाव्याच्या वर्षात स्वतःच्या हाताने कागद हलका करणं होतं.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला: बाहेरून टेनर आणणं. माजी विद्यार्थी किंवा मानधन घेणारे चार गायक आणले असते तर कार्यक्रम निभावला असता. पण ते शेवटच्या दोन तालमींना येणार. तोवर कॉयर टेनरशिवायच तयार होणार आणि आपल्या ओळीजवळची दुसरी ओळ ऐकून सूर लावायची सवय कुणालाच लागणार नाही. शिवाय पाच विद्यार्थ्यांना ‘तुमच्याने होणार नाही’ असा निरोप त्यातून जातो.

दुसरा: खालच्या आल्टोंना टेनरची ओळ देणं. हा उपाय अनेक ठिकाणी वापरतात आणि सहा-आठ ओळींपुरता तो चालतोही. स्वरांच्या आवाक्यात तो बसतो. फसतो तो आवाजाच्या वजनात. मध्य सी च्या वरचा ई टेनरच्या गळ्यात वरच्या अंगाला असतो, तिथे आवाज आपोआप झळाळतो. तोच स्वर आल्टोच्या गळ्यात खालच्या अंगाला असतो, तिथे जोर काढायला गेलं की आवाज भरडला जातो. म्हणजे संगीत जिथे चढतं तिथेच ही ओळ मागे पडते. तासभर खालीच गात राहिलेल्या आल्टोला नंतर वरचे स्वर मोकळे लागत नाहीत, हाही त्रास आहेच.

तिसरा: चाचणी घेऊन २४ जणांचा निवडक कॉयर करणं. आढाव्याच्या दृष्टीने हा सर्वांत फायद्याचा पर्याय होता. सहा आठवड्यांत ऐकण्याजोगा फरक पडला असता. पण विद्यापीठात दुसरा कॉयर नव्हता. निवड झाली असती तर तीसेक जणांचं गाणं तिथेच थांबलं असतं. आणि टेनर तरीही दोनच राहिले असते.

चौथा: कार्यक्रम बदलणं. तारीख तीच, रचना वेगळ्या.

संचालिकेने चौथा पर्याय घेतला आणि तिसऱ्यातला एक तुकडा त्याला जोडला. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण तो पाचव्या आठवड्यात झाला. दुसऱ्या आठवड्यात हाती आलेली माहिती त्यासाठी पुरेशी होती. मधले तीन आठवडे टेनर सापडतील या आशेवर गेले, आणि त्या तीन आठवड्यांत सहा तालमी होत्या.

काय केलं: कार्यक्रमाची फेरमांडणी

तिन्ही बॅरिटोन बासमध्ये परत गेले. घसा बसणाऱ्या विद्यार्थ्याला दोन आठवडे गाण्यापासून विश्रांती देऊन कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवलं. सुदैवाने स्वरतंतूंना इजा नव्हती, फक्त ताण होता. आता टेनर २ आणि बास ११. हे १३ पुरुष आवाज एकच ओळ गातील अशा सोप्रानो, आल्टो, पुरुष या तीन आवाजांच्या रचना निवडल्या. अट एकच ठेवली: पुरुषांची ओळ वर डी च्या पुढे आणि खाली बी-फ्लॅटच्या खाली जाऊ नये. याहून रुंद ओळ असली की टेनर तळाशी ऐकू येत नाहीत आणि बास वर दाबून गातात.

‘रेक्विएम’ पूर्ण टाकलं नाही. ‘सांक्टुस’मध्ये मुख्यतः सोप्रानो आणि पुरुष आवाज आळीपाळीने गातात आणि पुरुष बराच वेळ एकाच ओळीवर असतात. ‘इन पॅराडिझुम’ जवळजवळ सगळं सोप्रानोंचं आहे. हे दोन भाग ठेवले, म्हणजे आधीच कळवलेल्या वाद्यवृंदालाही काम उरलं. उरलेल्या जागेत फक्त स्त्रीआवाजांच्या दोन रचना आणि मोत्सार्ट यांचं ‘आवे वेरुम कॉर्पुस’ घेतलं. १७९१ सालची ही रचना जेमतेम ४६ मात्राखंडांची (मात्राखंड म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) आहे. तिच्यात टेनरची ओळ आहे, पण ती बहुतेक ठिकाणी इतर आवाजांच्या कुशीत चालते. एकूण कार्यक्रम ७० मिनिटांवरून ५५ वर आला.

काय केलं: तालमीची फेरमांडणी

नवी वाटणी अशी होती: १२ मिनिटं शरीर, श्वास आणि आवाज मोकळा करणं, १५ मिनिटं स्वरलिपी वाचन, २५ मिनिटं मुख्य रचना, २० मिनिटं आवाजांचे वेगवेगळे गट, ८ मिनिटं विश्रांती, २० मिनिटं दुसरी रचना, आणि शेवटची १० मिनिटं १६ जणांच्या छोट्या गटासाठी, ज्यात बाकीच्यांनी थांबून ऐकायचं की जायचं हे त्यांच्यावर. चांगलं वाचणारे परत यावेत म्हणून हा गट होता. त्याच्यासाठी वेगळा दिवस मागितला नाही, कारण तो तासही हिशेबात धरला गेला नसता.

वाचनाची १५ मिनिटं हा या प्रकरणाचा गाभा आहे. सरकत्या ‘डो’ची (‘डो’ म्हणजे पाश्चात्त्य सरगमेतला षड्ज) पद्धत आणि हातांच्या खुणा वापरल्या. एकोणिसाव्या शतकात सारा ग्लोव्हर यांनी मांडलेली आणि जॉन कर्वेन यांनी वाढवलेली ही पद्धत पुढे झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणविचारामुळे जगभर पोहोचली. षड्ज कुठेही धरा, नाती तीच राहतात, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. नियम तीन होते. पियानोला हात लावायचा नाही, फक्त सेकंदाला ४४० कंपनांचा, एकच ठरलेला स्वर देणारा ट्यूनिंग फोर्क. वाचायचे आठ मात्राखंड कार्यक्रमातल्या रचनेचे नसावेत, म्हणजे कुणी पाठ करून येणार नाही. आणि मधले दोन मात्राखंड मनातल्या मनात गाऊन तिसऱ्यावर सगळ्यांनी एकदम मोठ्याने गायला लागायचं.

पहिले दोन आठवडे हे फसलं. वाचता येणारे आठ-दहा जण मोठ्याने गात आणि बाकीचे त्यांच्या पाव मात्रा मागून येत. दुरून ते वाचनासारखंच ऐकू येई. मग कॉयरचे दोन भाग केले, आणि चांगले वाचणारे एका वेळी एकाच भागात असतील अशी बसण्याची जागा लावली. ज्या भागात ते नव्हते तो भाग पहिल्यांदा थांबला, अडला, आणि मग खरोखर वाचू लागला.

आणखी एक बारीक गोष्ट. संचालिका पुरुषांची ओळ स्वतःच्या सप्तकात गाऊन दाखवत. नवशिके पुरुष गायक मग तो स्वर तिथेच शोधत, किंवा खाली कुठेतरी भलताच लावत. बासमधल्या एका जाणत्या विद्यार्थ्याला ओळ गाऊन दाखवायला सांगितल्यावर हा गोंधळ दोन तालमींत संपला. संचालिकेच्या घशालाही आराम मिळाला.

काय केलं: उतरणारा सूर

‘सूर उतरतोय, वर धरा’ असं सांगून सूर वर जात नाही, फक्त मान ताठ होते. त्याऐवजी विनासोबत रचनेचं ध्वनिमुद्रण घेऊन प्रत्येक विरामावर सूर किती उतरला आहे ते मोजलं आणि स्वरलिपीवर खुणा केल्या. उतार सगळीकडे नव्हता. चार जागा निघाल्या: आल्टोंचा एकच स्वर सहा मात्रा पुन्हा पुन्हा येतो ती जागा; सोप्रानो पायरी-पायरीने खाली येतात ती जागा; ‘आ’ वरून ‘ए’ वर जाताना तोंडाचा आकार आकसतो ती; आणि सगळे एकदम श्वास घेतात ती.

उपायही चार वेगळे झाले. पुन्हा येणारा स्वर प्रत्येक वेळी नव्याने, आधीच्याहून किंचित वर आहे असं समजून लावायचा. उतरत्या पायऱ्या लहान ठेवायच्या. खाली येताना माणूस नेहमी मोठं पाऊल टाकतो. स्वरवर्ण बदलला तरी जबडा तिथेच. आणि श्वास आळीपाळीने, शेजाऱ्याच्या आधी किंवा नंतर.

गंधाराचा प्रश्न वेगळा. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर पियानोवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो आणि नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ वर. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार पेटीवर मिळत नाही, तोच हा १४ सेंटचा फरक. पियानोवर घोकलेला गंधार स्वरमेळात टोचतो. म्हणून विरामाच्या स्वरमेळात आधी षड्ज, मग पंचम, शेवटी गंधार असा क्रम लावला. गंधार थोडा खाली येतो म्हणजे कॉयर उतरला असं नव्हे, हे गायकांना नीट समजावून द्यावं लागतं. प्रत्येक अंतर अगदी शुद्ध घेत गेलं तर काही स्वरक्रमांत सगळी पट्टीच दर फेरीला सरकते, हे जोव्हान्नी बातिस्ता बेनेदेत्ती यांनी १५८५ मध्ये छापलेल्या पत्रांत दाखवलं होतं. तेव्हा शुद्धतेचा हट्ट फक्त थांबण्याच्या जागी धरायचा.

शेवटी बसण्याची रचना बदलली. पुरुष मागच्या ओळीत टोकाला होते, ते मधे आणले, बास सोप्रानोंच्या पाठीशी उभे केले आणि दोन गायकांत हातभर अंतर ठेवलं. दाटीवाटीने उभं राहिलं की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि माणूस नकळत जोर लावतो. भोवतीचा आवाज वाढला की बोलणारा आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये मांडलं; कॉयरमध्ये ते रोज घडतं.

निकाल

कार्यक्रमात विनासोबत रचना संपली तेव्हा कॉयर अर्ध्या स्वराच्या साधारण चतुर्थांशाने खाली होता. आधीचा उतार आठवला तर हा मोठा फरक आहे. सोडून गेलेल्या सातपैकी चौघं परत आले. सत्राअखेर घेतलेल्या वाचनचाचणीत बहुतेकांनी आठ मात्राखंड एकट्याने, दोनपेक्षा कमी चुकांत गायले.

सगळं गोड झालं नाही. छोट्या गटात जागा न मिळालेल्या दोन सोप्रानो कॉयर सोडून गेल्या. वाद्यवृंदातले काही जण पाऊण काम काढून घेतल्यामुळे नाराज राहिले. कार्यक्रम ‘आखूड’ झाल्याची नोंद आढाव्यात आलीच. पण संचालिकेने समितीपुढे नुसती कार्यक्रमपत्रिका ठेवली नव्हती. दुसऱ्या आणि तेराव्या आठवड्याची ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी, तालमीच्या वेळेचे तक्ते, खुणा केलेली स्वरलिपी आणि दोन बाहेरच्या संचालकांचे अभिप्राय अशी फाइल दिली. संशोधनाची सवय असलेल्या सदस्यांना ती भाषा कळली. आढावा पार पडला. तालमीचे दोन तास पुढच्या वर्षापासून दीड तास धरले गेले. पूर्ण दोन अजूनही नाहीत.

दोन वर्षांनी, ९ टेनर असताना, त्यांनी ‘रेक्विएम’ पूर्ण केलं.

काय वेगळं करता आलं असतं

आवाजांची मोजणी रचना जाहीर करण्याआधी व्हायला हवी होती. मागच्या सत्राच्या शेवटच्या तालमीत एक कागद फिरवून ‘पुढच्या सत्रात आहात का, या वेळेला दुसरा वर्ग आहे का’ एवढे दोन प्रश्न विचारले असते तर सहाही टेनर जाणार हे कळलं असतं. आता तो कागद दर सत्राला फिरतो. रचना जाहीर करताना प्रत्येक आवाजाची किमान संख्या लिहून ठेवतात, आणि दुसऱ्या आठवड्यात ती भरली नाही तर पर्यायी कार्यक्रम लागू होतो. म्हणजे आशेवर तीन आठवडे जात नाहीत.

प्रयोगशाळेची वेळही न बदलणारी नव्हती. नंतर विचारल्यावर त्या विभागाने दुसरी तुकडी देऊ केली. कुणी विचारलंच नव्हतं.

सर्वांत मोठी चूक मात्र सांगण्याच्या रीतीत होती. कार्यक्रम बदलल्याचं संचालिकेने एका लेखी सूचनेने कळवलं. ‘टेनरांच्या अपुऱ्या संख्येमुळे’ असे शब्द त्यात होते. पुढच्या तालमीत पाचांपैकी दोनच जण आले. तिघांनी वाचलं ते असं की आमच्यामुळे सगळ्यांचं ‘रेक्विएम’ गेलं. संचालिका त्यांना एकेकट्याने भेटल्या, कारण समजावून सांगितलं, आणि ते परत आले. हेच आधी, तालमीत, सगळ्यांसमोर बोलता आलं असतं: निवड माझी होती, मोजणी मी उशिरा केली, आणि आता आपण हे गाणार आहोत.